दादा, लोकेशन पाठवा ना!

शुक्रवारी संध्याकाळी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कुठल्याही फार्महाऊसवाल्याचा फोन पाहा. ‘दादा, लोकेशन पाठवा ना’ हा निरोप त्यात असतोच. दादा एक छोटीशी निळी ओळ पाठवतात आणि डोंबिवली-ठाण्याची मंडळी गाडी काढतात. नकाशात नुसतं ‘कर्जत’ टाकणाऱ्याला आधी दोन कर्जतांतून निवड करावी लागते, एक आपलं रायगडातलं आणि दुसरं थेट अहिल्यानगर जिल्ह्यातलं. त्या निळ्या ओळीमुळे हा घोळ टळतो.

ती ओळ, म्हणजेच छोटी लिंक, हा खरा पत्ता नव्हे. खरा पत्ता लांबलचक असतो. छोटी लिंक चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकात एक मोठी वही असते, तिच्यात डावीकडे सहा-सात अक्षरांचा संकेत आणि उजवीकडे लांब पत्ता. आपण बोट टेकवलं की फोन आधी त्या संगणकाकडे जातो, तो वही पाहून ‘पुढे अमुक ठिकाणी जा’ असं सांगतो आणि फोन तिकडे वळतो. हे इतक्या झटपट होतं की मधला थांबा जाणवतही नाही. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं होतात. सहा जागांवर ती मांडली की सुमारे ५,६८० कोटी वेगवेगळे संकेत तयार होतात. एवढ्याशा ओळीत जग मावतं ते या गुणाकारामुळे.

मराठी माणसाला तर या सोयीची गरज जास्त आहे. पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की संगणक ते तीन बाइटांत साठवतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन खुणा अशा तीन चिन्हांनी लिहितो. म्हणजे एका ‘क’साठी नऊ चिन्हं. ‘खालापूर’ या शब्दात काना आणि ऊकार धरून सात घटक आहेत, त्यांची झाली ६३. मराठी एसएमएसची मर्यादा ७० अक्षरांची. नुसत्या तालुक्याच्या नावातच निरोप संपला!

ट्विटरवर १४० अक्षरांची मर्यादा होती, तेव्हा या लिंका फोफावल्या. टायनीयूआरएल २००२ साली आली, बिटली २००८ मध्ये. पण त्या टिकल्या त्या मोजणीमुळे. द्रुतगती मार्गावरच्या खालापूर टोलनाक्यातून गेलेल्या प्रत्येक गाडीची नोंद होते, तसंच इथे होतं. कधी बोट टेकवलं, फोन कोणत्या प्रकारचा, कोणत्या ॲपमधून आला, साधारण कोणत्या शहरातून आला, हे सगळं त्या मधल्या थांब्यावर टिपलं जातं.

छोट्या व्यावसायिकाने याचा उपयोग करून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. एकाच पानाच्या तीन लिंका करा. एक व्हॉट्सॲप स्टेटसला, एक इन्स्टाग्रामला आणि एक क्यूआर कोड करून स्टेशनबाहेरच्या फलकावर. पत्ता आखूड असला की कोडातले चौकोन कमी आणि ठसठशीत होतात, पावसाने फलक मळला तरी फोनला वाचता येतात. पंधरा दिवसांनी कळतं की पाहुणे कुठून आले. लिंकच्या शेपटीला गिचमिड अक्षरांऐवजी गावाचं नाव द्या. कुठे जाणार आहोत हे दिसलं की माणूस निर्धास्तपणे बोट टेकवतो. लिंकसोबत ‘धमाका ऑफर’पेक्षा ‘नेरळहून किती अंतर, जेवणात काय’ हे लिहिलेलं बरं.

मात्र आकड्यांवर भाळू नका. धबधब्याच्या फोटोला २५ क्लिक आणि चुलीवरच्या भाकरीच्या फोटोला २० पडले, म्हणून धबधबा जिंकला असं होत नाही. अशा मोजणीत साधारण वर्गमुळाएवढा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. २५ चं वर्गमूळ पाच, आणि फरकही पाचच. शिवाय काही ॲप लिंकची झलक दाखवण्यासाठी स्वतःच आत डोकावून येतात आणि तोही क्लिक धरला जातो. मोबाइल कंपन्यांची इंटरनेटची वाट अनेकदा मोठ्या शहरातून जाते, त्यामुळे खोपोलीत बसलेला माणूस तक्त्यात मुंबईकर दिसू शकतो.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकचे विताली श्माटिकोव्ह यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की संकेत फार आखूड असला तर तो अंदाजाने शोधता येतो. गुगल नकाशाच्या छोट्या लिंकांत आधी पाचच चिन्हं असत, म्हणजे जेमतेम ९२ कोटी शक्यता, आणि संगणकाला ते काम अवघड नाही. कोण कुठल्या घरातून कुठल्या दवाखान्यात निघालं, हे त्या वाटांवरून कळू शकत होतं. त्यांनी गुगलला कळवल्यावर संकेत ११-१२ चिन्हांचे झाले. पाहुण्यांचं बुकिंग, आधार कार्डांचे फोटो असलेला फोल्डर छोट्या लिंकवर उघडा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि वीज तोडण्याची धमकी देणाऱ्या अनोळखी एसएमएसमधल्या लिंकला हातच लावू नये. बिटलीच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह टाकून उघडलं, तर ती कुठे नेते ते आधी दिसतं.

काही सेवांत लिंक बनवताना एक बारीक पर्याय असतो, तो पावसाळ्यात महत्त्वाचा ठरतो. पुढे वळवण्याचे दोन प्रकार आहेत, ३०१ आणि ३०२. ३०१ म्हणजे ‘कायमचा पत्ता बदलला’, ३०२ म्हणजे ‘सध्यापुरतं तिकडे जा’. समजा, फलकावरचा कोड साकवावरून जाणाऱ्या वाटेवर नेतो. जुलैत ओढ्याला पाणी आलं आणि साकव बुडाला. मालकाने घरबसल्या वहीतली उजवी बाजू बदलून वरच्या रस्त्याची वाट दिली, फलक तसाच राहिला. लिंक ३०२ ची असेल तर पाहुणा नव्या वाटेने येतो. ३०१ ची असेल आणि त्याने मे महिन्यात ती एकदा उघडलेली असेल, तर त्याच्या फोनने जुनी वाट लक्षात ठेवलेली असू शकते. तो मधल्या थांब्यावर विचारायला जातच नाही, सरळ साकवाकडे निघतो.