सामान किती, खोली केवढी?

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या एका जुन्या मराठी घरात आवराआवर चालली होती. घर विकले गेले होते आणि मुलाचा पुण्यातील फ्लॅट ताब्यात यायला दीड वर्ष अवकाश होता. तोवर काकू मुलाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहणार आणि सामान झाशीतच एखाद्या खोलीत राहणार, असे ठरले. मुलाने दहा बाय बाराची खोली बघूनही ठेवली.

"मोठी असलेली बरी. मग काय ठेवायचे, काय टाकायचे, याची कटकट नको," तो म्हणाला.

"अरे, आधी मोजून तर बघ," काकूंनी टेप पुढे केली.

१७४२ साली नारो शंकर सुभेदार म्हणून झाशीत आले, तेव्हापासून इथे मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. गेटबाहेर लक्ष्मी ताल, महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची छत्री. अशा जुन्या वस्तीतल्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान साठते. पण बदली, घराची दुरुस्ती किंवा इमारतीची पुनर्बांधणी, यापैकी काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला येतेच. मोठ्या शहरांत घरसामान ठेवण्यासाठी महिन्याच्या भाड्याने गोदामे मिळतात, लहान गावात खोली घ्यावी लागते. हिशेब मात्र एकच.

असा करा हिशेब

प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करा. काकूंच्या घरी लोखंडी कपाट साडेसहा बाय तीन बाय दीड, म्हणजे सुमारे २९ घनफूट भरले. अशी दोन कपाटे होती. फ्रिज २५, धुलाई यंत्र १२, सुटा केलेला पलंग ३२, गादी १५ आणि पत्र्याची ट्रंक १२ घनफूट. जेवणाचे टेबल तसेच ठेवले तर ३७, पाय काढले तर जेमतेम ८! दीड फुटी पंचवीस खोकी ८४ घनफूट झाली. सगळे मिळून सुमारे २५०.

खोली आठ फूट उंच असली तरी सामान छतापर्यंत रचता येत नाही. फ्रिजवर जड काही ठेवायचे नसते. सरासरी पाच फूट उंची धरली, तर २५० घनफुटांना ५० चौरस फूट जागा लागते. आत शिरायला दोन फुटांची वाट हवी. दहा फूट लांब खोलीत तिचे २० चौरस फूट. म्हणजे सात बाय दहाची खोली पुरते. मुलाने ठरवलेली खोली १२० चौरस फुटांची होती. पन्नास चौरस फुटांचे भाडे दर महिन्याला फुकट गेले असते!

वाट सोडण्यात मात्र कंजुषी करू नका. नाहीतर हिवाळ्यात रजई काढायला अर्धी खोली रिकामी करावी लागेल. आणखी एक, खोलीच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजा. कपाट दारातच अडले तर खोली कितीही मोठी असून काय उपयोग?

ठेवण्यापूर्वी

सामान भिंतीपासून थोडे दूर आणि विटांवर फळ्या टाकून ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी लवकर लागणार नाही. फ्रिज कोरडा पुसून, उभा आणि दार किंचित उघडे ठेवा. धुलाई यंत्रातील पाणी पूर्ण काढा. गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टरची बॅटरी आत ठेवू नका. दागिने आणि कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्येच बरी. खोक्यांवर क्रमांक घालून यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. भाड्याचा करार लेखी करा. घराचा विमा असेल तर हलवलेल्या सामानाला तो लागू राहतो का, हे कंपनीला विचारून घ्या.

खरा प्रश्न

मोजणी करताना काकूंनी तीन याद्या केल्या होत्या : सोबत न्यायचे, ठेवायचे आणि द्यायचे. सासूबाईंचा तांब्याचा बंब कोणत्या यादीत घालायचा, यावर दोन दिवस गेले. ठेवला तर आणखी एक कोपरा अडणार आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो पेटवणार कोण? शेवटी गल्लीतल्या एका कुटुंबाला त्यांनी तो स्वतःच्या हाताने दिला. त्या घरी अजून चुलीवर पाणी तापते.

"मी आज ठरवले नाही, तर उद्या भंगारवाला ठरवेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

मोठी खोली घेतली की हे ठरवणे पुढे ढकलता येते, पण दर महिन्याला त्याचे भाडे भरावे लागते. म्हणून आधी याद्या करा, मग टेप घ्या आणि खोली सगळ्यात शेवटी बघा. घरातली वडीलधारी माणसे जवळ असतानाच हे काम उरका. कोणती वस्तू कुणाची आणि ती कुणाकडे जावी, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?