उभ्या राहिलेल्या ट्रकचे दुखणे

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की दहाचाकी मालवाहू गाडीच डोळ्यांपुढे येते असे नाही. घरोघरी हा शब्द मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपसाठी वापरतात, आणि त्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन असेल तर मालक ती सहसा विकत नाही. २००१ सालची डॉज रॅम २५०० घ्या. कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ऑटोमॅटिक गियरबॉक्स. वर्षातून दोनदा कॅम्पर ओढायचा, हिवाळ्याआधी सरपण आणायचे, बाकी सगळे महिने अंगणात मुक्काम. इंजिन अजून ठणठणीत असते. पण एके दिवशी हायवेवर आरपीएमचा काटा वरखाली नाचू लागतो, रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते, आणि मेकॅनिक निदान करतो : टॉर्क कन्व्हर्टर गेला. मालकाला आता नवा निवडायचा असतो.

कमिन्स हे नाव पुण्याला परके नाही. कोथरूडचा कारखाना १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स म्हणून सुरू झाला, आणि कर्वेनगरचे मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच नावाचे. टॉर्क कन्व्हर्टरची ओळख मात्र कमी जणांना असते. खरे तर गावात चर खणायला येणाऱ्या जेसीबीतही तो असतो.

दिसायला हे पोलादी भांडे मोठ्या डोनटसारखे, चारी बाजूंनी वेल्ड केलेले आणि आत तेल. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा ते तेल समोरच्या दुसऱ्या पंख्यावर फेकतो आणि तो दुसरा पंखा गियरबॉक्सचा शाफ्ट फिरवतो. दोघांमध्ये लोखंडाचा लोखंडाशी सांधा नाही. म्हणूनच सिग्नलला गाडी गियरमध्ये उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वाफेच्या टर्बाइनचा वेग फार आणि पाण्यातल्या पंख्याला लागणारा कमी, असा तो पेच होता. अमेरिकी मोटारगाड्यांमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणला ब्युइकच्या डायनाफ्लोने, १९४८ मध्ये.

दोन पंखे असले की तेलातून फिरणारी साधी जोडणी होते. तिचे कन्व्हर्टर होते ते मधल्या स्टेटरमुळे. दुसऱ्या पंख्यातून परतणारे तेल उलट्या दिशेने येते आणि पहिल्या पंख्याला अडवू पाहते. स्टेटरची वळणदार पाती त्या तेलाची दिशा फिरवून तेच पुन्हा पहिल्या पंख्याच्या मदतीला लावतात. ओझे घेऊन जागचे हलताना त्यामुळे इंजिनाचे बळ साधारण दुप्पट होऊन शाफ्टला मिळते. गाडीने वेग घेतला की मात्र या पात्यांची अडचणच व्हायला लागते. म्हणून स्टेटरच्या मध्यभागी सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकाच दिशेने फिरणारी कळ असते. ती एका बाजूला घट्ट धरते, दुसऱ्या बाजूला मोकळी सोडते. ना वायर, ना संगणक. कधी धरायचे आणि कधी सोडायचे हे वाहते तेलच ठरवते. इतक्या जुन्या कल्पनेत आजही काढून टाकण्याजोगे काही सापडत नाही, आणि त्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

तेलाची जोडणी थोडी घसरतेच, आणि प्रत्येक घसरण उष्णता होऊन बाहेर पडते. त्यावर उपाय म्हणून आत एक क्लच बसवतात : लॉकअप. गाडी वेगात आली की तो इंजिन आणि शाफ्ट थेट बांधतो. पॅकार्डने तो १९४९ मध्ये आणला, क्रायस्लरने १९७८ पासून इंधन वाचवण्यासाठी. रॅमच्या ४७आरई गियरबॉक्सचे मूळ क्रायस्लरच्या १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ मध्ये आहे. ते घराणे दणकट खरे, पण पेट्रोल इंजिनांसाठी जन्मलेले. डिझेलचा सगळा जोर तळालाच, १४०० आरपीएमच्या आसपास, एकदम येतो. २००१ मध्ये डॉजने ५०५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ६८५ न्यूटन-मीटर टॉर्कचे जास्त ताकदीचे इंजिन फक्त मॅन्युअल गियरबॉक्सबरोबर दिले. ऑटोमॅटिकवाल्यांना ४६० वर समाधान मानावे लागले. गियरबॉक्सची मर्यादा कारखान्यानेच अशी आकड्यांत मांडून ठेवली होती.

कन्व्हर्टर नव्याने बांधणाऱ्या कारागिराकडे हे भांडे आले की तो ते लेथवर चढवतो आणि वेल्डची कड कापून दोन वाट्या वेगळ्या करतो. आत काय घडले ते एका नजरेत कळते. लॉकअप क्लचचे जळलेले अस्तर काळे आणि चकचकीत. झाकण पातळ पत्र्याचे असेल तर तेलाच्या दाबाने ते बाहेर फुगते, क्लच सपाट टेकण्याऐवजी एकाच कडेला टेकतो आणि तिथे पत्र्यावर निळसर डाग पडतात. मग धुणे, पाती भट्टीत ब्रेझ करून पंख्याला पक्की करणे, नवे अस्तर उष्णता आणि दाब देऊन चिकटवणे. आतल्या फटी मोजून पुन्हा वेल्ड, हवा भरून गळती तपासणे, शेवटी बॅलन्स. मायक्रोमीटरवर ज्याचा हात स्थिर, त्याचाच कन्व्हर्टर टिकतो. खरेदीदाराने लेबलवरच्या नावाआधी हे काम कोण करतो ते विचारावे.

विक्रेत्याच्या फळीवर सगळ्यात लखलखीत दिसतो तो तीन तबकड्यांच्या लॉकअपचा, अखंड पोलादातून कोरलेल्या झाकणाचा कन्व्हर्टर. इंजिनाची ताकद वाढवून जड ट्रेलर ओढणाऱ्यांना तो लागतोच. पण त्याचा लॉकअप धरताना धक्का देतो, आणि आधी जे ओझे घसरणारा क्लच सोसत होता ते आता थेट गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर येते. मूळ ताकदीच्या, कधीमधी चालणाऱ्या गाडीला एकच तबकडी, चांगले अस्तर आणि न फुगणारे जाड झाकण पुरते.

खरी पारख स्टॉल स्पीडची. गाडी जागेवर अडवून पूर्ण पेडल दाबले तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढू शकते तो हा आकडा. तो फार वर असला तर चढावर इंजिन नुसते घोंघावते आणि तेल तापते. फार खाली आणला तर इंजिन वर चढतच नाही, टर्बोला हवा मिळत नाही आणि निघताना काळा धूर ओकला जातो. मूळ टर्बो, मूळ इंजेक्टर असतील तर कारखान्याच्या आकड्याच्या थोडे खालीच राहावे. शर्यतीच्या गाडीची शिफारस इथे लावू नये.

निवड झाली म्हणून काम संपत नाही. जुना कन्व्हर्टर खरेच दोषी होता का, हे आधी पाहायला हवे. या सालांच्या रॅममध्ये ७०-८० किलोमीटरच्या वेगाला लॉकअप धरतो-सोडतो-धरतो, ही तक्रार मालकांना तोंडपाठ आहे. अनेकदा मूळ सापडते अल्टरनेटरमध्ये. त्यातला एखादा डायोड दुबळा झाला की बॅटरीच्या डीसी प्रवाहात एसीची लहर मिसळते, पेडलच्या सेन्सरचा सिग्नल थरथरतो, संगणकाला वाटते चालकाचा पाय हलतोय, आणि तो लॉकअप सोडून देतो. कोणी सेन्सरच्या वायरींना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात, आणि त्याने फरकही पडतो. तपासणी सोपी : अल्टरनेटरची जोडणी काढून थोडे अंतर चालवावे. काटा नाचायचा थांबला तर कन्व्हर्टर निर्दोष. ही पंधरा मिनिटे न दिल्यामुळे चांगला कन्व्हर्टर भंगारात गेल्याचे ऐकले की जीव हळहळतो.

दोष खराच असेल तर जळलेल्या अस्तराचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे पोहोचलेला असतो. ते तेल थंड करणारा समोरचा कूलर धुता येतो. इंजिनाच्या कडेला बसवलेला पाण्याचा कूलर नीट धुतला जात नाही, तो बदललेला बरा. नाहीतर नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्याच दिवशी जुनी घाण शिरते. बसवतानाही घाई नडते. भांडे फिरवत फिरवत आत सरकवायचे, ते पंपात पूर्ण बसल्याचे हाताला कळेपर्यंत. अर्धवट बसलेले भांडे बोल्ट आवळून ओढले तर पंप फुटतो.

आणि एवढे सगळे नीट झाल्यावर, महिनाभर उभी राहिलेली गाडी सुरू करून ड्राइव्हमध्ये टाकली तर ती काही क्षण हलतच नाही. मालकाला वाटते, पैसे पाण्यात गेले. पण यात नव्या कन्व्हर्टरचा दोष नसतो. उभ्या गाडीत कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरते. ते थोपवण्यासाठी कारखान्याने कूलरच्या नळीत एक झडप बसवली होती, तीही कालांतराने चोंदते किंवा निकामी होते. त्यात या घराण्याच्या गियरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही. तेलाची पातळीसुद्धा न्यूट्रलमध्येच तपासायला सांगितलेली असते. म्हणून इंजिन सुरू करावे, ब्रेक दाबून गियर न्यूट्रलमध्ये टाकावा, अर्धा मिनिट थांबावे. भांडे भरते, आणि मग ड्राइव्हमध्ये टाकताच गाडी हलते.