गिळता येते, पण काय?

पक्षाघाताच्या रुग्णाच्या केसपेपरवर एक इंग्रजी वाक्य हमखास असते: 'पेशंट इज एबल टू स्वॅलो.' रुग्णाला गिळता येते. वाक्य कानाला खटकत नाही, पण ते अर्धे आहे. काय गिळता येते? नुसता आवंढा, चमचाभर पाणी, की वरणभाताचा घास?

पक्षाघातात घशाचे स्नायू दुबळे होतात. गिळण्याच्या क्षणी श्वासनलिका बंद व्हायला हवी, ती वेळेवर होत नाही. पाणी पातळ, ते घसरत पुढे जाते आणि अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरते. घट्टसर पेज किंवा दही सावकाश सरकते, त्यामुळे घशाला थोडी उसंत मिळते. म्हणूनच पेज नीट खाणाऱ्या रुग्णाला पाण्याच्या घोटाने ठसका लागतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप आत जाते आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाचा ताप चढतो. 'घोटभर पाणी तरी पाजू द्या ना, डॉक्टर' अशी नातेवाइकांची विनवणी असते. त्या घोटाचीच आम्हाला भीती असते.

अन्ननलिकेच्या कर्करोगात सगळे उलटे. तिथे आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, आणि पाणी अगदी शेवटी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल होत नाही असा एक विकार आहे, त्यात बहुधा सुरुवातीपासूनच घास आणि पाणी दोन्ही अडते. म्हणजे गिळता येत नाही एवढ्यावर काहीच ठरत नाही. काय गिळता येत नाही आणि आधी काय अडायला लागले, हे कळले की निदान अर्धे झाले.

शाळेत इंग्रजीच्या तासाला कर्म म्हणून शिकवतात ते हेच. 'एबल', 'ईगर', 'अफ्रेड' या विशेषणांपुढे 'टू' लावून क्रियापद आले की वाक्याचा कर्ता स्वतः ती क्रिया करणारा असतो. रुग्ण गिळणारा, म्हणून काय गिळणार ते वेगळे सांगावे लागते. 'इझी', 'डिफिकल्ट', 'हार्ड' या विशेषणांचे घराणे वेगळे. 'द टॅब्लेट इज इझी टू स्वॅलो' म्हणताना गोळी काही गिळत नाही, तीच गिळली जाते. कर्म वाक्याच्या सुरुवातीलाच जाऊन बसलेले असते, म्हणून शेवटी 'इट' जोडले तर चूक ठरते. दोन्ही वाक्यांचा साचा दिसायला एकच. त्यामुळे गल्लत होते.

ही गल्लत इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांचीही होते. नोम चॉम्स्की यांनी 'ईगर टू प्लीज' आणि 'इझी टू प्लीज' ही जोडी भाषाशास्त्रात गाजवली. त्यांच्या पत्नी कॅरल चॉम्स्की याही भाषाशास्त्रज्ञ. पाच ते दहा वर्षांच्या मुलांवर त्यांनी केलेला अभ्यास 1969 साली पुस्तकरूपाने आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली समोर ठेवून त्या विचारत, ही बाहुली 'इझी टू सी' आहे की 'हार्ड टू सी'? बाहुली तर समोरच होती, अगदी सहज दिसत होती. तरी लहानांपैकी अनेकांनी 'हार्ड' असे उत्तर दिले, कारण पट्टीमुळे बाहुलीला दिसत नव्हते! तिला 'इझी टू सी' कर म्हटल्यावर त्यांनी तिची पट्टी काढली. मोठ्या मुलांना बहुधा फरक कळत होता.

आपले इंटर्न बाहुलीच्या वयाचे नाहीत, पण रात्री तीन वाजता चौदावा केसपेपर लिहिताना बाहुली परत येते. 'पेशंट इज डिफिकल्ट टू अंडरस्टँड' असे लिहिले, तर इंग्रजीप्रमाणे अर्थ एकच: रुग्णाचे बोलणे आपल्याला समजत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र अनेकदा असते की रुग्णाला आपले बोलणे समजत नाही. मेंदूच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीभ-ओठ दुबळे झाले तर उच्चार अडखळतात, समज शाबूत असते. डाव्या मेंदूच्या कानशिलाकडच्या, वेर्निकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागाला इजा झाली, तर रुग्ण भराभर बोलतो, पण आपण 'हात वर करा' म्हटलेले त्याला उमगत नाही. पहिल्याला पाटी-पेन्सिल दिली तर तो आपले म्हणणे लिहून सांगू शकतो. दुसऱ्याला त्या पाटीचा फारसा उपयोग नाही.

मराठीत ही अडचण पुष्कळशी आपोआप सुटते. 'रुग्णाला समजत नाही' आणि 'रुग्णाचे समजत नाही' यांत फरक एका प्रत्ययाचा, पण तो कोणीही चुकत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो की इंग्रजी लिहिण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. कोण आणि काय, दोन्ही लगेच उघडे पडतात. (वरिष्ठांपैकी काहींना हा सल्ला आवडत नाही. असो.)

पण तेच इंग्रजी निष्काळजीपणे मराठीत आणले की नवा घोळ होतो. डोक्याला मार लागलेल्या मुलाला तपासून घरी सोडताना धोक्याच्या लक्षणांत 'डिफिकल्ट टू वेक' असे असते. इंग्रजी 'वेक' म्हणजे उठणेही आणि उठवणेही. आईला 'उठायला त्रास झाला तर आणा' असे सांगितले, तर ती म्हणणार, 'तो रोजच शाळेच्या वेळी उठायला कुरकुर करतो.' तिचे काहीच चुकत नाही. सांगायचे असते ते असे: हाका मारून, हलवूनही मुलाला उठवता आले नाही, किंवा उठवल्यावर ते पुन्हा लगेच गुंगीत गेले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच घेऊन या. सारख्या उलट्या झाल्या, झटका आला, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तरीही तसेच.