बांधकामाच्या साइटवरचा रोजचा अहवाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: झालेलं काम दिसतंच, मग लिहायचं कशाला?

वस्तुस्थिती: बांधकामातलं महत्त्वाचं काम नंतर दिसतच नाही. सळया काँक्रीटमध्ये जातात, पाया मातीखाली. स्लॅब भरून किती दिवस झाले, हे तर नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, आणि टेकू कधी काढायचे ते या दिवसांवरच ठरतं. आयएस 456:2000 या मानकानुसार 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस आणि 6 मीटरहून लांब बीमखालचे 21 दिवस ठेवायचे असतात. हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे आहेत. पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, असेल तर ते वाढवावे लागू शकतात. पाणी मारण्याचंही तसंच: साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला 10, आणि कोरड्या कडक उन्हात अनुक्रमे 10 आणि 14. म्हणून स्लॅबच्या तारखेसोबत सिमेंटचा प्रकारही लिहावा. सेंटरिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. त्याला थांबवायला इंजिनिअरच्या हाती ही लेखी तारीखच असते.

गैरसमज: पावसाने काम बंद, म्हणजे आज अहवाल नाही.

वस्तुस्थिती: माझ्या मते बंद दिवसाची नोंद सगळ्यात मोलाची. मुदतवाढ मागताना ‘पावसाळा होता’ एवढं सांगून भागत नाही. कोणतं काम किती तास अडलं, किती माणसं बसून राहिली, ड्रॉइंग कधी मागितलं आणि कधी हातात आलं, हे त्याच संध्याकाळी लिहिलेलं हवं. शनिवारी बसून आठवडाभराचं भरलं, तर त्यात अंदाजच उरतो.

गैरसमज: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले की झालं.

वस्तुस्थिती: फोटो जरूर काढावेत, पण मजूर किती होते आणि सिमेंटच्या किती गोण्या लागल्या, ते त्यातून कळत नाही. शिवाय असे फोटो न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गैरसमज: हा कागद मालकाचा, मजुराला त्याचं काय?

वस्तुस्थिती: बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस काम केलेलं असावं लागतं. अहवालात नुसतं ‘बिगारी 12’ असेल, तर त्या बाराजणांचे दिवस कशावरून मोजणार? हजेरीत प्रत्येकाचं नाव लिहाच.

आणि इमारत पूर्ण झाली म्हणून या वह्या रद्दीत देऊ नका. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो दूर करण्याची जबाबदारी विकासकाचीच असते.