छायाचित्रांची खतावणी : सीडीतून घरच्या संगणकात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्या मैदानावर उभ्या असलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आज आपल्यात आहेत. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांजवळ कॅमेरा कुठला असणार? परंतु २००० सालानंतर डिजिटल कॅमेरे घरात येऊ लागले. दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर येणाऱ्या याच आजी-आजोबांची छायाचित्रे नातवंडांनी काढली, सीडीत भरली आणि सीडी कपाटात ठेवली. छायाचित्रे जपली गेली, असे आपण समजून चाललो. ही समजूत चुकीची आहे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख.

आमचाच अनुभव सांगतो. आमची आजी १९५६ ला चंद्रपूरच्या मैदानावर होती. २००७ च्या ऑक्टोबरात ती शेवटची दीक्षाभूमीवर आली, तेव्हा भाच्याच्या कॅमेऱ्याने तिची ३१ छायाचित्रे काढली. ती आम्ही संगणकात घेतली आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुसले. पुढच्या वर्षी एका लग्नाची छायाचित्रे त्याच फोल्डरमध्ये टाकताना संगणकाने विचारले, ‘याच नावाची फाईल आहे, बदलू काय?’ आम्ही न वाचता ‘सर्वांना होय’ म्हटले. कॅमेऱ्याने दोन्ही वेळा १ पासूनच क्रमांक दिले होते. आजीच्या जागी वऱ्हाडी येऊन बसले. बँकेत रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाकडून हे झाले, याची खंत आजही आहे.

सुदैवाने आरमोरीच्या मामांनी एक सीडी मागून नेली होती. काही वर्षांनी ती लावली तेव्हा ३१ पैकी २२ छायाचित्रे उघडली. नऊ गेली ती गेलीच. यातून दोन धडे मिळाले. दुसऱ्या घरची प्रत माणसाला वाचवते, आणि सीडी कायमची टिकत नाही.

सीडी का बिघडते?

घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर किरण त्या थरावर खुणा उमटवतो आणि वाचताना त्याच खुणा वाचतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा थर खराब होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पावसाळ्यात जंगलपट्टीत भिंती ओल धरतात. पत्र्याच्या घरातील कपाटात सीडीचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय सीडीचा हा थर नाव लिहिण्याच्या बाजूला अगदी वरच असतो. म्हणून बॉलपेनने दाबून लिहिणे हे खालच्या ओरखड्यापेक्षाही घातक. डीव्हीडीत तो दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो, तरी काळजी तीच. पुसायचे झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये.

दुसरी अडचण अशी की, आज मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी घालण्याची सोयच नसते. यूएसबीला जोडण्याचा वेगळा ड्राईव्ह घ्यावा लागतो. तो मिळतो आहे तोवर हे काम उरकावे.

नक्कल कशी करावी?

झेरॉक्सची झेरॉक्स फिकी होते. फाईलचे तसे नाही. ती नीट उतरली तर दहावी प्रतही पहिलीसारखीच असते. मात्र ती नीट उतरली की नाही, हे आपण पाहिले पाहिजे.

१) प्रत्येक सीडीला मार्करने क्रमांक द्यावा आणि संगणकात त्याच क्रमांकाचा नवा फोल्डर करावा. दोन सीडींचा माल एका फोल्डरमध्ये कधीही टाकू नये.

२) नेहमी ‘कॉपी’ करावे. कार्ड किंवा पेन ड्राईव्हवरून घेताना ‘कट’ करू नये. मध्येच लाईट गेली तर कोणती फाईल कुठे राहिली, हे शोधत बसावे लागते.

३) ‘बदलू काय?’ असा प्रश्न आला की थांबावे. नकार देऊन वेगळा फोल्डर करावा.

४) ताळा जुळवावा. दिवसाखेर कॅश जुळल्याशिवाय आम्ही बँकेतून निघत नाही, तसेच इथे. दोन्ही बाजूंच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. फायलींची संख्या आणि बाइट्समधला आकार तंतोतंत जुळला पाहिजे. ‘साईज ऑन डिस्क’ हा आकडा वेगळा येऊ शकतो, तो धरू नये. मग चार-दोन छायाचित्रे उघडून पाहावीत.

५) एखाद्या फाईलवर सीडी अडली तर तेवढी सोडून बाकीच्या थोड्या थोड्या घ्याव्यात. नंतर तीच सीडी दुसऱ्या ड्राईव्हमध्ये लावून पाहावी. पुष्कळदा तिथे ती चालते.

जागेची चिंता नको. एका सीडीत ७०० एमबी मावतात, म्हणजे दोन एमबीची सुमारे ३५० छायाचित्रे. अशा ६० सीडी मिळून ४२ जीबी होतात. आजच्या साध्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात त्या बसतात.

नाव आणि तारीख

फोल्डरचे नाव वर्षापासून सुरू करावे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव. म्हणजे सर्व फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रात कोण आहे, ते एका वहीत फोल्डरच्या क्रमांकासह लिहून ठेवावे. संगणक तारीख सांगेल, पण डावीकडून तिसरी बाई कोण, हे घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात. ती गेल्यावर कोणाला विचारणार?

तीन प्रती

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक सोपा नियम सांगितला आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तुटला, हे आपण पाहिले आहे. ज्या घरात पाणी शिरते तिथे संगणक आणि हार्ड डिस्क दोन्ही एकदमच भिजतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

‘सगळे इंटरनेटवर आहे’ असे म्हणून निश्चिंत राहू नये. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत जागाही संपली. व्हॉट्सॲपवर पाठविलेले छायाचित्र साधारणपणे लहान होऊन जाते. मूळ आकारात हवे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमच्या हातचे आहे. येत्या सुट्टीत घरातील सीडी बाहेर काढा, शेजारच्या आजोबांच्याही मागून घ्या. एका दुपारी चार-पाच सीडी सहज होतात. छायाचित्रे संगणकावर लावून आजोबांना शेजारी बसवा आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्या. आमची नऊ छायाचित्रे परत येणार नाहीत. तुमची मात्र अजून कपाटात आहेत.