शिवण खोली तापली, की धंदा थंड पडतो!



टेलरिंगच्या धंद्याची एक गंमत बघा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, ब्लाउजचा खरा सीझन. आणि नेमका त्याच महिन्यांत अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. वर पत्रा, आत तीन मशिनी, एक इस्त्री, चार माणसं. आता दुपारी दोन वाजता त्या खोलीत बसून कटोरी ब्लाउज बिनचूक शिवून दाखवा! हात घामेजतात, सिल्कवर डाग पडतो, बाही उलटी लागते आणि संध्याकाळ उसवण्यात जाते.

माझी स्वतःची शिवण खोली अकोल्यात, वरच्या मजल्यावर पत्र्याखालीच आहे. त्यामुळे आज सांगतोय ते सगळं करून बघितलेलं आहे. क्रमसुद्धा लक्षात ठेवा: आधी छत, मग आतली उष्णता, मग हवा, आणि कूलर त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात. आधी कूलर आणतात आणि मग म्हणतात, काही फरकच पडत नाही हो!

१. छत: पैसे आधी इथे लावा

पत्रा दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता थेट तुमच्या डोक्यावर सोडतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून पत्र्यावर दोन हात मारा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. पावसात हा थर धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मार्चमध्ये पुन्हा मारायचा. बजेट असेल तर उष्णता परावर्तित करणारा तयार पांढरा रंग मिळतो, तो जास्त टिकतो. काम सकाळी लवकर करा आणि पत्र्यावर चढताना खाली दुसरा माणूस ठेवा.

हिरवी नेट लावणार असाल तर पत्र्याला चिकटवून लावू नका. एक-दीड फूट वर, बांबूवर ताणा. मधून वारा खेळला पाहिजे, तरच उपयोग. आणि खोलीत थर्माकोलचं छत करू नका. आपल्याकडे इस्त्री आहे, चिंध्या आहेत, धागे आहेत. थर्माकोल पटकन पेटतो. स्वस्त पडलं म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही.

पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा आतून नाही, बाहेरून हवा. ऊन काचेच्या आत आलं, की ती उष्णता खोलीतच राहिली.

२. खोलीत किती शेगड्या पेटल्यात?

हा मुद्दा नीट समजून घ्या. विजेवर चालणारी वस्तू जेवढी वीज खाते, जवळपास तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच सोडते. म्हणजे १००० वॅटची इस्त्री ही चक्क एक शेगडी आहे.

- इस्त्रीचं टेबल खिडकीजवळ किंवा पॅसेजमध्ये न्या. कॅनव्हास चिकटवणं, प्रेसिंग हे सगळं सकाळी एकदम उरका. दिवसभर इस्त्री चालू ठेवू नका.
- मोठ्या मशिनची जुनी क्लच मोटर स्विच चालू केल्यापासून फिरतच राहते, तुम्ही शिवा किंवा नका शिवू. सर्वो मोटर पायडल दाबलं तरच फिरते. उष्णता कमी, आवाज कमी, बिल कमी. नवीन मशिन घेताना हे आधी विचारा.
- जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावा. प्रत्येक मशिनवर सुईजवळ छोटा दिवा दिला, तर वरचे दिवेही कमी लागतात.

३. हवा: आत येऊ द्या, बाहेरही जाऊ द्या

गरम हवा वर जमते, म्हणून एक्झॉस्ट फॅन भिंतीत जेवढा वर बसवता येईल तेवढा बसवा. समोरच्या बाजूने खालून हवा आत यायला जागा हवी.

कूलरचंही तसंच. कूलर खिडकीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर लावला तर तासाभरात नुसता दमटपणा वाढतो, कापड सर्द होतं, सुया गंजतात. झोत कटिंग टेबलावर नको, नाहीतर जॉर्जेट आणि पेपर पॅटर्न उडत बसतील. पाणी भरताना स्विच बंद, प्लग बाहेर. अर्थिंग तपासून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच दुकानात.

मुंबई-कोकणातल्या मंडळींनी कूलरवर पैसे घालू नका. तुमची हवा आधीच दमट आहे, तिथे छत, एक्झॉस्ट आणि चांगले पंखे हेच खरे उपाय.

४. घड्याळ बदला

कटिंग आणि महागाच्या कापडाचं काम सकाळी, डोकं आणि खोली दोन्ही थंड असताना. एक ते चार या वेळात हुक, काज, तुरपाई अशी हातकामं, आणि तीही खालच्या मजल्यावर किंवा सावलीत बसून. मशिनी चारनंतर पुन्हा चालू. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना सकाळी घरचे डबे असतात, म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवा, परस्पर लादू नका.

५. आता सगळ्यात महत्त्वाचं: माणसं

पीस रेटवर काम करणारी ताई दुपारी उठत नाही. उठली की तिचे पैसे बुडतात. आणि कित्येक गाळ्यांत संडासाची सोय नसते, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत! माठ भरून ठेवला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. संडासाची किल्ली, शेजाऱ्याशी बोलणं, जे लागेल ते मालकानेच करायचं.

मे महिन्यात अर्जंट ऑर्डरला वेगळा चार्ज लावा आणि त्यातला वाटा शिवणाऱ्या हाताला द्या. म्हणजे विश्रांती घेतली तरी तिचं नुकसान होत नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा. कुणाला चक्कर आली, मळमळलं, तर लगेच सावलीत न्या, अंग ओलं करा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतत बसू नका, थेट १०८ ला फोन करा.

६. हिशोब मांडा

चार जुन्या ट्यूब चोकसकट साधारण २०० वॅट खातात, चार एलईडी ८० वॅट. तीन साधे पंखे २२५ वॅट, तीन बीएलडीसी पंखे सुमारे ९० वॅट. दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर सुमारे ६६ युनिट वाचतात. युनिट १० रुपये धरलं तर ६६० रुपये झाले.

पण खरी कमाई बिलात नाही. समजा अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ४०० रुपये आहे आणि उन्हामुळे रोज फक्त एक ब्लाउज कमी होतोय. महिन्याला १०,४०० रुपये गेले! चुन्याचा खर्च याच्यापुढे काय लागतो?

या आठवड्यात एकच काम करा. भिंतीवरचं साधं थर्मामीटर आणा, मशिनवर बसल्यावर डोकं जिथे येतं त्या उंचीवर लावा, आणि सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच असे आकडे वहीत लिहा. शेजारी त्या दिवशी किती पीस झाले तेही लिहा. मग छताला चुना मारा आणि पुन्हा लिहा. कुठला उपाय तुमच्या खोलीला लागू पडतो, ते तुमची वहीच सांगेल.

चला, कामाला लागा. आणि हो, आधी ग्लासभर पाणी प्या!