नंदाच्या घरातलं प्रेत

रहस्यपट पाहताना मी खुनी शोधत नाही. कुणावर संशय येऊच नये याची तजवीज दिग्दर्शकाने कुठे केली आहे, तिकडे माझं लक्ष असतं. या नादापायी 'इत्तेफाक' कितीदा पाहिला, ते सांगत नाही. यश चोप्रांचा हा चित्रपट १९६९चा, तेव्हा गुपित फोडल्याचा बोल आता कुणी लावू नये.

पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार दिलीप (राजेश खन्ना) वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पावसाळी रात्री रेखा नावाच्या विवाहितेच्या घरात घुसतो. नवरा म्हणे बाहेरगावी. मग बाथरूममध्ये दिलीपला प्रेत दिसतं, आणि पुढे तेच नाहीसं होतं. भास झाला असेल, असं रेखाचं म्हणणं. वेडाचा शिक्का बसलेल्याचं कोण ऐकणार? प्रेत तिच्या नवऱ्याचंच. खुनामागे ती आणि तिचा प्रियकर इन्स्पेक्टर दिवाण (सुजितकुमार). थोडक्यात, फरारी कैद्याच्या मागावरचा पोलीसच गुन्ह्यात भागीदार.

पण खरी कलाटणी पटकथेत नाही, पात्रयोजनेत आहे. रेखा झाली आहे नंदा. मास्टर विनायकांची मुलगी. १९४७ साली वडील गेले आणि पोर 'बेबी नंदा' म्हणून कॅमेऱ्यासमोर आली. १९५६ला शांतारामबापूंनी 'तूफान और दिया'त संधी दिली. १९५९च्या 'छोटी बहन'नंतर तर ती घराघरातली धाकटी बहीणच झाली. त्याच वर्षी यश चोप्रांच्या पहिल्या चित्रपटात, 'धूल का फूल'मध्ये, ती पत्नी होती; पुढच्या वर्षी बी. आर. चोप्रांच्या 'कानून'मध्ये न्यायाधीशाची मुलगी. या चेहऱ्याची पत किती, हे चोप्रांइतकं कुणाला ठाऊक असणार? दहा वर्षांची ती पुण्याई त्यांनी एका रात्रीचा गुन्हा झाकायला खर्ची घातली.

चित्रपट तसा घाईने उभा राहिला. सायरा बानूच्या आजारपणामुळे चोप्रांचा 'आदमी और इन्सान' अडकला होता. 'धुम्मस' हे गुजराती नाटक हाताशी होतं. त्याचं मूळ इंग्रजी 'साइनपोस्ट टू मर्डर'मध्ये. आणि इथे मला घबाड सापडलं. 'धुम्मस' गाजवणाऱ्या सरिता जोशी माहेरच्या भोसले, जन्म पुण्याचा. म्हणजे गुजराती रंगभूमीवर एक मराठी मुलगी, हिंदी पडद्यावर दुसरी. आणि पडद्यावर या भानगडीचा छडा लावणारे इन्स्पेक्टर कोण, तर कर्वे! इफ्तेखारला हे आडनाव कुणी बहाल केलं असेल, या विचाराने मला अजून हसू येतं.

नंदाचं काम कळतं ते दुसऱ्यांदा पाहताना. पहिल्या वेळी वाटतं, घुसलेल्या वेड्याला ती भ्यायली आहे. भीती खरीच असते. पण ती त्याच्या पिस्तुलाची जितकी, तितकीच तो घरभर फिरेल याचीही. ओलीस बाई आणि खुनी बाई, दोघींना एकच चेहरा पुरून उरतो. त्यात चित्रपटात एकही गाणं नाही. हिंदी नायिका मनातलं सांगते ती गाण्यात. इथे ती वाटच बंद, त्यामुळे रेखाच्या मनात डोकावता येत नाही. उरतं सलील चौधरींचं पार्श्वसंगीत आणि एम. ए. शेख यांचं ध्वनिमुद्रण. शेख यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच.

माझं चोप्रांशी भांडण आहे ते दुसऱ्या उकलीवरून. दिलीपच्या बायकोचा खून मेहुणी रेणूच्या नावावर जमा होतो आणि नायक धुतल्या तांदळासारखा बाहेर पडतो. रेणू झाली आहे बिंदू. बिंदूवर संशय घ्यायला काय अक्कल लागते? नंदाच्या बाबतीत दाखवलेलं धाडस इथे नाही.

यश चोप्रांना दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं. नंदाला नामांकनावर समाधान मानावं लागलं. फिल्मफेअरची बाहुली गेली 'आराधना'च्या शर्मिला टागोरकडे. नायक तोच, पण नायिका त्यागमूर्ती आई. परीक्षकांचा कल कुठे होता, हे वेगळं सांगायला नको.

२०१७ साली बी. आर. चोप्रांचे नातू अभय यांनी 'इत्तेफाक' पुन्हा केला. त्यात बाई सुटते, दोष येतो पुरुषाच्या माथी. कलाटणी हुशार आहे, नाकारत नाही. पण सिद्धार्थ मल्होत्रा काय किंवा सोनाक्षी सिन्हा काय, दोघांवरही प्रेक्षकांनी दहा वर्षं असा आंधळा विश्वास टाकलेला नव्हता. मोडायला तसं काही हाताशीच नसल्याने धक्क्याचा सगळा भार पटकथेला एकटीने उचलावा लागला.